न्यूयॉर्क सिटीच्या शेरीफला पोलिसांचे पूर्ण अधिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क सिटीच्या शेरीफला आज पोलिसांपेक्षा कमी अधिकार आहेत. ते पोलिसांइतके करावेत अशी मागणी आहे, तिच्याविषयीची ही उत्तरं.

शेरीफ म्हणजे आपल्या मुंबईच्या शेरीफसारखं मानाचं पदच ना?

नाही. मुंबईचा शेरीफ वर्षभरासाठी नेमला जाणारा मानकरी असतो. १९८० साली दिलीपकुमार आणि १९९४ साली सुनील गावस्कर शेरीफ होते, त्यामुळे हे पद सभा-समारंभांचं, असाच आपला समज. पण मुंबई उच्च न्यायालयाशी जोडलेलं शेरीफचं कार्यालय आजही खरं काम करतं. नौवहन दाव्यात न्यायालयाने जहाज अटकावून ठेवायला सांगितलं, तर तो हुकूम हेच कार्यालय बजावतं आणि पुढे जहाजाचा लिलावही करतं. शेरीफचं मूळ काम तेच: न्यायालयाचा हुकूम बजावणं.

न्यूयॉर्क सिटीचा शेरीफ या मूळ कामाच्या जवळ आहे. कोर्टाचा बेलीफ डोळ्यांसमोर आणा आणि त्याला पिस्तूल, बेड्या आणि मर्यादित अटकेचा अधिकार द्या. सिनेमात दिसणारा घोड्यावरचा शेरीफ इथे विसरलेला बरा.

तो नेमका करतो काय?

शेरीफचं कार्यालय शहराच्या अर्थखात्याचा, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ फायनान्सचा भाग आहे. शेरीफला महापौरांचं प्रशासन नेमतं, निवडणूक होत नाही. त्याच्या हाताखाली अंडरशेरीफ आणि डेप्युटी शेरीफ असतात.

दिवाणी हुकूमनाम्यांची वसुली, पगारातून कपात, मालमत्तेची जप्ती आणि लिलाव, कौटुंबिक न्यायालयाची वॉरंटं, घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांतले संरक्षण-आदेश बजावणं ही जुनी कामं. पार्किंगच्या दंडाचे निकाल मिळून ३५० डॉलरच्या वर गेले की गाडीला चाकबंदी करणं किंवा ती ओढून नेणं हेही त्यातच येतं. १९९९ च्या केन्ड्राज लॉ अन्वये मानसोपचाराचा आदेश न पाळणाऱ्या व्यक्तीला तपासणीसाठी रुग्णालयात पोहोचवणं हे नाजूक कामही याच कार्यालयाकडे येतं.

गेल्या काही वर्षांत त्यावर बरंच काही चढलं: करबुडव्या सिगारेटी, घरांच्या खोट्या खरेदीखतांचा तपास, २०२० च्या साथीत शहराच्या प्रवेशमार्गांवरची तपासणी आणि नियम मोडणाऱ्या बारवरची कारवाई, आणि २०२४ पासून विनापरवाना गांजाच्या दुकानांना सील ठोकणं. पोलिसांचे पूर्ण अधिकार द्यावेत ही मागणी याच वाढलेल्या यादीतून जोर धरते. जुनी, निव्वळ वसुलीची यादी असती तर तिला फारसं बळ मिळालं नसतं.

आज कायद्याने त्यांचा दर्जा काय?

न्यूयॉर्क राज्याच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात दोन वेगळ्या याद्या आहेत. कलम १.२० च्या पोटकलम ३४ मध्ये ‘पोलिस ऑफिसर’ कोण ते सांगितलं आहे आणि कलम २.१० मध्ये ‘पीस ऑफिसर’, म्हणजे मर्यादित अधिकारांचा अधिकारी, कोण ते. पहिल्या यादीत शेरीफ, अंडरशेरीफ आणि डेप्युटी शेरीफ आहेत, पण ‘न्यूयॉर्क सिटीबाहेरच्या काउंट्यांचे’ (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) एवढेच. सिटीचे शेरीफ दुसऱ्या यादीत, २.१० च्या पोटकलम २ मध्ये.

त्यामुळे शहराच्या क्वीन्स भागातला डेप्युटी पीस ऑफिसर, आणि शेजारच्या नॅसॉ काउंटीतला, तशीच दिवाणी कागदपत्रं बजावणारा डेप्युटी मात्र पोलिस ऑफिसर. गंमत इथेच संपत नाही. शहराच्या अग्निशमन दलाचे फायर मार्शल पोलिसांच्या यादीत आहेत, सरकारी वकिलांच्या कार्यालयांतले तपासनीस आहेत, आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांची राखण करणारे जलपुरवठा पोलिसही आहेत. शहराचा शेरीफ तेवढा नाही.

असं का झालं?

१९४२ पूर्वी शहरातल्या पाचही काउंट्यांना आपापला निवडून आलेला शेरीफ होता. जागा मोठ्या कमाईची होती, कारण वसुलीवरचं शुल्क शेरीफच्या पदरात पडत असे. पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले अल स्मिथ १९१५ साली न्यूयॉर्क काउंटीच्या शेरीफपदी निवडून आले, त्यामागे राजकारणाइतकंच हेही आकर्षण होतं. सुधारणावाद्यांना ही जुनी वतनदारी मोडायची होती. १९३८ च्या राज्यघटनेने शहराला काउंटी अधिकाऱ्यांची पदं रद्द करण्याचा अधिकार दिला. १९४१ च्या नोव्हेंबरात मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी १९४२ पासून पाचांचा एक, नागरी सेवेतला सिटी शेरीफ झाला.

तोपर्यंत शहरात गुन्ह्यांचा तपास शहराच्या पोलिस दलाकडे, म्हणजे एनवायपीडीकडे, पक्का बसला होता आणि तुरुंग वेगळ्या खात्याकडे होते. ग्रामीण काउंट्यांत शेरीफ हाच पोलिस, म्हणून तिथे त्याला पूर्ण अधिकार हवेच होते. शहरात ती गरज कोणाला वाटली नाही.

त्यांच्याकडे पिस्तूल आहे, बेड्या आहेत, अटकही करतात. मग कमी काय पडतं?

हा सगळ्यांत जास्त चुकीचा समजला जाणारा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पीस ऑफिसरच्या बहुतेक अधिकारांना एक अट चिकटलेली असते: तो ‘नेमून दिलेल्या खास कामावर’ असला पाहिजे. खास काम चालू असताना डेप्युटीला वॉरंटशिवाय अटक जवळपास पोलिसासारखीच करता येते. ते काम सोडलं की कलम १४०.२५ त्याला अरुंद वाटेवर आणून सोडतं. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा असेल तर वाजवी कारणाच्या आधारे अटक चालते. त्याखालच्या गुन्ह्यात मात्र तो गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत आणि *खरोखर* घडलेला असावा लागतो.

उदाहरण घ्या. क्वीन्समधल्या जमेका भागात डेप्युटी गाडी ओढून नेण्याच्या कामावर आहे. पलीकडच्या दुकानातून मालक धावत येतो: ‘तो बघा, आत्ता माझ्याकडून २०० डॉलरचा माल उचलून चाललाय.’ १,००० डॉलरपर्यंतची साधी चोरी न्यूयॉर्कमध्ये मिस्डिमिनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हा असते, फेलनी नाही. एनवायपीडीचा शिपाई मालकाच्या सांगण्यावरून, वाजवी कारण दिसलं तर, अटक करू शकतो. चोरी पकडणं हे डेप्युटीला नेमून दिलेलं खास काम नाही आणि त्याने चोरी स्वतः पाहिलेलीही नाही, म्हणून त्याला ते करता येत नाही. आणि त्याने स्वतः पाहिलं असं त्याला वाटलं, पण नंतर माल पैसे देऊन घेतलेला निघाला, तर पोलिसाला ‘वाजवी समज होता’ ही ढाल मिळते. डेप्युटीला ती मिळत नाही.

दुसरी अडचण, थांबवून विचारपूस आणि अंगझडती. कलम १४०.५० चा हा अधिकार पोलिस ऑफिसरला आहे. पीस ऑफिसरांपैकी न्यायालयाची सुरक्षा सांभाळणाऱ्यांना तो कोर्टाच्या आवारापुरता आहे. शेरीफच्या डेप्युटीला तो नाही.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत खरी अडचण म्हणजे झडतीचं वॉरंट. वॉरंटसाठी अर्ज कोणताही लोकसेवक आपल्या कामाच्या ओघात करू शकतो, पण कलम ६९०.२५ प्रमाणे वॉरंट पोलिस ऑफिसरच्याच नावे निघतं. खोट्या खरेदीखताचा तपास डेप्युटीने महिनोन्‌महिने केलेला असतो, कुठल्या कार्यालयात बनावट शिक्के आहेत हे त्याला ठाऊक असतं, आणि दार उघडायला त्याला एनवायपीडीच्या किंवा सरकारी वकिलांच्या तपासनिसाची वाट पाहावी लागते. त्यांच्या कामाच्या रांगेत हे प्रकरण कुठे बसेल ते त्यांच्या हातात.

खास कामाबाहेर पाऊल पडलं तर काय बिघडतं?

पुरावा बाद होतो. २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, बफेलोच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. गृहनिर्माण प्राधिकरणाच्या दोन पीस ऑफिसरांनी आपल्या हद्दीबाहेर, सीट बेल्ट नाही म्हणून एक गाडी थांबवली आणि कोकेन सापडलं. सरकारपक्ष म्हणाला, निदान साध्या नागरिकाला असलेला अटकेचा अधिकार तरी त्यांना आहेच. न्यायालयाने ते मानलं नाही: बिल्ला लावून, दिवे लावून, अधिकारी म्हणून गाडी थांबवायची आणि चूक निघाली की ‘आम्ही नागरिक’ म्हणायचं, हे चालणार नाही. कोकेन पुरावा म्हणून बाद झालं.

हा निकाल डेप्युटींनाही तसाच लागू पडतो. चांगला बचाव वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: त्या क्षणी तुम्ही कोणत्या कामावर होता आणि ते काम तुम्हाला कोणी नेमून दिलं होतं? म्हणून अहवालात वेळ, नेमणुकीचा आदेश आणि कामाचा प्रकार आधी लिहिलेला हवा. घटनेनंतर जोडलेली ओळ उलटतपासणीत टिकत नाही.

पूर्ण अधिकार द्यायचे तर कायद्यात काय बदलावं लागेल?

मजकुराची दुरुस्ती लहान आहे. कलम १.२० (३४) च्या यादीत सिटीच्या शेरीफ, अंडरशेरीफ आणि डेप्युटींना घालायचं आणि २.१० (२) मधून काढायचं. दुसरा भाग विसरला तर एकच माणूस दोन याद्यांत राहतो आणि ‘खास काम’ ही अट कुठे लागू, कुठे नाही यावर वर्षानुवर्षं खटले चालतात. २.१० (२) मध्ये वेस्टचेस्टर काउंटीचे काही अधिकारीही आहेत, त्यांना धक्का लागू द्यायचा नाही हे मसुदा करणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

हे काम सिटी कौन्सिलचं नाही. फौजदारी प्रक्रिया राज्याचा विषय असल्याने विधेयक राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला जातं, तिथे असेंब्ली आणि सेनेट या दोन्ही सभागृहांच्या कोड्स समित्यांपुढे येतं, मग मतदान, मग गव्हर्नरांची सही. अधिवेशनाचं चक्र दोन वर्षांचं असतं. त्यात पार पडलं नाही तर विधेयक मरतं आणि नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावं लागतं. म्हणून ‘विधेयक मांडलं गेलं’ या बातमीवरून काही ठरवू नका. ते समितीतून बाहेर आलं का, एवढंच पाहा. गव्हर्नरांनी नकार दिला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात.

प्रशिक्षण तेवढं झालेलं असतं का?

पीस ऑफिसरसाठी कलम २.३० मधला अनिवार्य अभ्यासक्रम १८० तासांच्या मर्यादेत बसवला आहे. दुसऱ्या कायद्याने किंवा नियमाने मागितलं, किंवा खात्यानेच मागणी केली, तर तो जास्त होऊ शकतो. पोलिस ऑफिसरचा मूळ अभ्यासक्रम वेगळा आणि कितीतरी मोठा, आणि तो पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेमणूक कायम होत नाही. विधेयकात ‘सध्या सेवेत असलेल्यांचं काय’ हे लिहिलेलं नसेल तर दोन टोकं निघतात: एक तर सगळे डेप्युटी एका रात्रीत पोलिस आणि प्रशिक्षण नंतर, नाहीतर प्रशिक्षण होईपर्यंत अर्धं कार्यालय अकादमीत आणि वसुलीची टेबलं रिकामी. आधी प्रशिक्षण, मग दर्जा, आणि तोही तुकडी-तुकडीने, हा मार्ग आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

चुकीच्या वागणुकीची तक्रार कुठे करायची? दर्जा बदलला तर ते बदलतं का?

काही बदलतं, काही मुळीच बदलत नाही, आणि चर्चेत बहुधा हाच भाग गाळला जातो.

शहराचं नागरी तक्रार मंडळ, सीसीआरबी, मुळात एनवायपीडीसाठी आहे. डेप्युटी पोलिस ऑफिसर झाला तरी तो एनवायपीडीत जात नाही, त्यामुळे सीसीआरबीच्या कक्षेत आपोआप येत नाही. थांबवलेल्या माणसाला अधिकाऱ्याने आपल्या नावाचं कार्ड देण्याची सक्ती करणारा शहराचा २०१८ चा राइट टू नो कायदाही एनवायपीडीपुरताच आहे. म्हणजे रस्त्यावर थांबवण्याचा नवा अधिकार मिळेल आणि त्यावरचे शहरी लगाम मागे राहतील. त्यासाठी सिटी कौन्सिलला वेगळा कायदा करावा लागेल.

उलट, राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे २०२१ पासून पोलिस गैरवर्तनाची चौकशी करणारा जो विभाग आहे, त्याची कक्षा १.२० मधले पोलिस ऑफिसर ज्या संस्थेत आहेत तिथे पोहोचते. दर्जा बदलला की ही देखरेख शेरीफच्या कार्यालयावर येईल. शहराचं डिपार्टमेंट ऑफ इन्व्हेस्टिगेशन आजही त्यांच्यावर आहे आणि पुढेही राहील.

आणि मोबाइलवर चित्रीकरण? राज्याच्या २०२० च्या कायद्याने पोलिस आणि पीस ऑफिसर दोघांचंही काम चित्रित करण्याचा हक्क दिला आहे. फक्त कामात आडवं येऊ नका.

सगळेच अधिकार द्यायला हवेत, की लागतील तेवढेच?

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे: कर आणि वसुली हाताळणारं खातं अंगझडती घेणारं दुसरं पोलिस खातं कशाला बनवायचं? समर्थक म्हणतात, तेच काम बाकी राज्यात करणाऱ्यांना जे आहे ते इथे का नको, आणि वर्दीतल्या माणसाकडे लोक मदत मागतात तेव्हा त्याने ‘हे माझं काम नाही’ म्हणायचं का?

आमचं मत असं की अडलेली गोष्ट मोजली तर ती मुख्यतः झडतीच्या वॉरंटची निघते. तेवढ्यासाठी ६९०.२५ मध्ये ‘खरेदीखत आणि करविषयक गुन्ह्यांत सिटी शेरीफचे डेप्युटी’ अशी नेमकी भर घालता येईल. रस्त्यावर थांबवण्याचा अधिकार त्यासोबत देण्याची गरज नाही. पण अशी तुकड्यांची दुरुस्ती राजकारणात कोणालाच आवडत नाही, कारण ‘पोलिस’ या दर्जाला स्वतःचं मोल आहे.

पगार आणि पेन्शन आपोआप वाढतं का?

नाही. फौजदारी प्रक्रिया कायद्यातली व्याख्या आणि निवृत्तीयोजनांचे कायदे वेगळे आहेत. पेन्शनसाठी स्वतंत्र विधेयक आणि शहराची संमती लागते. दर्जा मिळाला की संघटना पुढच्या वाटाघाटीत तो मुद्दा करणार, हे मात्र धरून चाला.

गांजाच्या दुकानांना सील लावण्याचा अधिकार याच्याशी संबंधित आहे का?

थेट नाही. तो अधिकार २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पातल्या कायद्यातून आणि शहराच्या प्रशासकीय संहितेतून आला. मे २०२४ मध्ये ‘ऑपरेशन पॅडलॉक टू प्रोटेक्ट’ सुरू झालं ते त्यावरच. सील एक वर्षापर्यंत राहू शकतं. सुनावणी ओथ या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे होते, पण न्यायाधिकरणाने शिफारस करायची आणि अंतिम निर्णय शेरीफने घ्यायचा, अशी रचना होती. छापा घालणाऱ्यानेच निकाल द्यायचा यावरूनच दुकानदार न्यायालयात गेले. डेप्युटी पोलिस झाला काय किंवा पीस ऑफिसर राहिला काय, हा आक्षेप तसाच उभा राहतो.

भाडेकरूला घराबाहेर काढायला येतात ते हेच का?

कधी हे, पण बहुतेक वेळा सिटी मार्शल. मार्शल महापौरांनी पाच वर्षांसाठी नेमलेले, शुल्कावर काम करणारे लोक असतात. कायद्याने त्यांची संख्या ८३ च्या वर नेता येत नाही. ते शहराचे पगारी नोकर नाहीत आणि या चर्चेत त्यांचा संबंध नाही.

दोघांनाही बंधनं सारखी: १४ दिवसांची नोटीस, कामाचा दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त. डेप्युटीला पोलिसांचा दर्जा मिळाल्याने यातलं काहीही सैल होत नाही. पगारातून कापायची कमाल रक्कम किंवा वसुलीवरचं पाच टक्के शुल्क यांनाही हात लागत नाही.

न्यू जर्सीत आणि फिलाडेल्फियात कसं आहे?

एडिसन, जर्सी सिटीकडच्या वाचकांनी न्यूयॉर्कचा नियम तिकडे लावू नये. न्यू जर्सीत काउंटी शेरीफचे अधिकारी गुन्हे शोधण्याचा आणि अटकेचा अधिकार बाळगून असतात. त्यांनी रस्त्यावर गाडी थांबवली तर ‘तुम्ही पोलिस नाही’ हा वाद घालू नका.

फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात हे न्यायालयांनी तुकड्यातुकड्यांनी ठरवलं. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पोलिसांइतकं प्रशिक्षण घेतलेला डेप्युटी डोळ्यांदेखत घडलेल्या, शांतता भंग करणाऱ्या वाहतूक गुन्ह्यात कारवाई करू शकतो. पण २००७ मध्ये अमली पदार्थांचा स्वतंत्र तपास त्यांना नाकारला आणि २०१३ मध्ये स्वतःहून मद्यपी चालकांसाठी नाके लावणंही. विधिमंडळाने स्पष्ट कायदा न केल्यास काय होतं, त्याचा हा नमुना.

डेप्युटी दारात आला तर काय करावं?

आधी ओळखपत्र आणि कागद मागा. कागदावर न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि तुमचं नाव बरोबर आहे का पाहा. नुसता दिवाणी समन्स किंवा नोटीस असेल तर ती घ्या, डेप्युटीला घरात घेण्याची सक्ती नसते. अटकेचं वॉरंट किंवा घर रिकामं करण्याचा आदेश असेल तर वाद दारात न घालता वकिलाकडे आणि न्यायालयात घाला. सही करायला सांगितलं तर कशावर करतोय ते वाचा.

‘शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, ज्यूरी ड्यूटी चुकवली म्हणून वॉरंट आहे, पैसे भरा’ असा फोन आला. खरं का?

फसवणूक. शेरीफचं कार्यालय फोनवर गिफ्ट कार्ड, झेल (पैसे पाठवण्याची ऑनलाइन सेवा) किंवा क्रिप्टोने पैसे घेऊन वॉरंट मिटवत नाही. फोन ठेवा, शहराच्या ३११ वर फोन करून खात्री करा. नंबर स्क्रीनवर खराखुरा दिसला तरी तो नकली असू शकतो.

माझं घर क्वीन्समध्ये आहे आणि मी पुण्यात असतो. खोट्या खरेदीखताची भीती वाटते.

शहराच्या अर्थखात्याची अ‍ॅक्रिस ही ऑनलाइन नोंदपद्धत आहे. तिच्यात आपल्या मालमत्तेसाठी सूचना-सेवा विनामूल्य लावून ठेवा, म्हणजे तुमच्या घराच्या नावे कोणताही दस्त नोंदला गेला की ईमेल येईल. अनोळखी दस्त दिसला तर त्याची प्रत काढा, त्याच दिवशी शेरीफच्या कार्यालयाकडे आणि आपल्या बरोच्या (शहराच्या विभागाच्या, इथे क्वीन्सच्या) सरकारी वकिलांकडे तक्रार द्या, आणि दस्त रद्द करून घेण्यासाठी दिवाणी वकील गाठा. शेरीफचा तपास गुन्ह्याचा असतो. नोंदवहीतलं नाव परत आणायला न्यायालयाचा आदेशच लागतो.